‘रन’चा अर्थ सुताराला विचारा

रेल्वेच्या मोठ्या जंक्शनवर ‘रनिंग रूम’ नावाची इमारत असते. भुसावळला आहे, कल्याणला आहे, पुण्याला आहे. रात्रभर मालगाडी चालवून आलेला लोको पायलट तिथे येतो, आंघोळ करतो, जेवतो आणि परतीच्या गाडीचा कॉल येईपर्यंत झोप काढतो. झोपायच्या जागेचं नाव ‘रनिंग’, आणि यात तिथल्या कुणालाही काही खटकत नाही. गाडीबरोबर फिरणारे कर्मचारी म्हणजे ‘रनिंग स्टाफ’, किलोमीटरच्या हिशेबाने त्यांना मिळतो तो ‘रनिंग अलाउन्स’, तेव्हा त्यांच्या विसाव्याची जागा ‘रनिंग रूम’च असणार.

घराचं फर्निचर करायला आलेला सुतारही हा शब्द रोज वापरतो. कपाटाच्या दारांचा भाव तो चौरस फुटात सांगतो. पण छताच्या कडेने फिरणारी पट्टी किंवा भिंतीच्या पायथ्याचं स्कर्टिंग ‘रनिंग फुटा’त. पट्टीची रुंदी ठरलेली असते, मोजायची ती नुसती लांबी. कोपरे वळत, खांबाला वळसा घालत जिथवर जाईल तिथवर. जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी विचारतो, “रनिंग किती झालंय?” शिंपी पँट हातात घेऊन सांगतो, “चेन चांगली आहे, नुसता रनर गेलाय.” कंत्राटदार काम पूर्ण व्हायच्या आधीच, झालेल्या कामापुरतं ‘रनिंग बिल’ लावतो. मुंबईत पोरं लोकल थांबायच्या आत ‘रनिंगमध्ये’ चढतात आणि दर वेळी जीव धोक्यात घालतात.

शाळेतल्या इंग्रजीच्या वहीत मात्र दोनच रकाने. डावीकडे ‘रन’, उजवीकडे ‘धावणे’. पाठ करा, परीक्षेत लिहा, विषय संपला.

या दोन ठिकाणच्या ‘रन’मध्ये जे अंतर आहे, त्यात आपल्या इंग्रजी शिकवण्यातली एक मोठी चूक दडलेली आहे. सुताराने, शिंप्याने, लोको पायलटने हा शब्द वापरता वापरता उचलला. कशाशी जोडून येतो, कशासाठी येतो, हे पाहून त्याचा अर्थ बांधला. शाळेतल्या मुलाला मात्र आपण शब्द त्याच्या सोबत्यांपासून तोडून देतो आणि वर सांगतो की हा सोपा आहे. इंग्रजीतले सर्वांत अवघड शब्द हेच आहेत: रन, सेट, गेट, पुट, टेक, मेक. लांबलचक ‘फोटोसिंथेसिस’ला एकच अर्थ असतो आणि तो एकदा कळला की कायमचा कळतो. तीन अक्षरी ‘रन’चं तसं नाही.

‘रन’चा पसारा किती मोठा, हे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संपादकांना नेमकं ठाऊक आहे. २०११च्या सुमारास या कोशासाठी ‘रन’ची नोंद नव्याने लिहून झाली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक या एका शब्दावर नऊ महिने बसले होते. १९८९च्या वीस खंडांच्या आवृत्तीत हा मान ‘सेट’कडे होता, त्या क्रियापदाचे अर्थ होते ४३०. पुढे संपादक एकेक जुनी नोंद नव्याने तपासत गेले तसे आधी ‘मेक’ने, मग ‘पुट’ने ‘सेट’ला मागे टाकलं आणि शेवटी ‘रन’ सगळ्यांच्या पुढे गेला.

हे अर्थ ठरतात कसे, ते जवळून पाहण्यासारखं आहे. जेम्स मरे या स्कॉटिश शिक्षकाने १८७९ साली या कोशाचं संपादन हाती घेतलं. ऑक्सफर्डला बॅनबरी रोडवरच्या घराच्या परसात त्याने पत्र्याची एक खोली उभारली होती. जगभरातले हौशी वाचक पुस्तकं वाचायचे, एखादा शब्द वापरलेला दिसला की हातभर नव्हे, वीतभर चिठ्ठीवर ते वाक्य उतरवायचे, वर शब्द, बाजूला साल, लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, आणि टपालाने मरेकडे पाठवायचे. खोलीच्या भिंतींना चिठ्ठ्यांचे कप्पे होते. एका शब्दाच्या चिठ्ठ्या मेजावर पसरायच्या, सारख्या वापराच्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा करायचा, वेगळा वापर दिसला की दुसरा गठ्ठा. गठ्ठे लागले की प्रत्येकावर अर्थ लिहायचा. मरे १९१५ साली गेला तेव्हा काम बाकी होतं. पहिली आवृत्ती १९२८ साली पुरी झाली आणि तिच्यात सुमारे १८ लाख उतारे होते. आज चिठ्ठ्यांच्या जागी संगणक आहे, पण क्रम तोच आहे. आधी वाक्य, मग अर्थ. कोशकार अर्थ जन्माला घालत नाही. लोकांनी घडवलेल्या अर्थांचे गठ्ठे लावतो. आपल्या वर्गात हा क्रम उलटा झाला आहे.

एवढ्याशा शब्दावर इतके अर्थ का लादले जातात, यालाही उत्तर आहे. जॉर्ज किंग्स्ली झिफ या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ साली आकडेमोड करून दाखवलं की शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. हाताशी असलेलंच हत्यार माणूस नव्या कामालाही लावतो. नवी वस्तू आली, नवा व्यवहार आला की प्रत्येक वेळी नवा शब्द कोण घडवणार?

‘रन’ची कहाणी याचीच साक्ष देते. हा शब्द जर्मानिक भाषांच्या जुन्या साठ्यातला. त्या घराण्यात तो पायांनी धावण्याइतकाच पाण्याच्या वाहण्याचा शब्द होता. जर्मन भाषेत त्याचा भाऊ ‘रिन्नेन’ आजही झिरपण्या-ओघळण्यासाठीच वापरतात. म्हणजे इंग्रजीत सर्दीने नाक ‘रन’ होतं, धुण्यात कापडाचा रंग ‘रन’ होतो, नळ ‘रन’ होत राहतो, तेव्हा धावण्याचं रूपक करून कुणी हे शब्द बनवलेले नाहीत. शब्दाचा तो मूळचाच स्वभाव. मुलाला हे एवढं सांगितलं तरी त्याच्या डोक्यातला अर्धा गुंता सुटेल.

पुढे यंत्रं आली. गिरणी, वाफेचं इंजिन, आगगाडी, कारखाना हे सगळं इंग्रजीत ‘रन’ होऊ लागलं, आणि यंत्र चालवणाऱ्याबरोबर दुकान, शाळा, संस्था चालवणाराही तेच क्रियापद वापरू लागला. १९६४ साली १ मेच्या पहाटे अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि टॉमस कुर्ट्झ यांनी घडवलेल्या ‘बेसिक’ या संगणकभाषेतले पहिले प्रोग्रॅम चालले. गणिताचा गंध नसलेल्या विद्यार्थ्यालाही संगणक वापरता यावा म्हणून त्यांनी आज्ञा साध्या इंग्रजी शब्दांत ठेवल्या होत्या. प्रोग्रॅम सुरू करायची आज्ञा होती ‘रन’. तीन अक्षरं टंकायची की यंत्र कामाला लागायचं. आज पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांतली मराठी मुलं दिवसभर “कोड रन केला”, “टेस्ट रन झाली” म्हणतात.

बँकेच्या बाबतीत तर शब्द आणि दृश्य यांची फारकतच झाली. बँक बुडणार अशी शंका आली आणि ठेवीदार एकदम पैसे काढायला लोटले, की त्याला इंग्रजीत बँकेवरचा ‘रन’ म्हणतात. सप्टेंबर २००७मध्ये इंग्लंडातल्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर लोक पहाटेपासून रांगा लावून तासन्‌तास उभे होते. त्यातलं कुणीही धावत नव्हतं, तरी सगळ्या जगाच्या वर्तमानपत्रांनी त्याला ‘रन’च म्हटलं. मार्च २०२३मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढून घेण्याचा प्रयत्न केला. बहुतेकांनी तो घरबसल्या, फोनवरून केला. रांगही उरली नाही. शब्द मात्र तोच राहिला. अशी बातमी मराठीत आणताना ‘बँकेवर धाव’ असं कुणी लिहिलं तर वाचकाला काहीच बोध होणार नाही. ‘ठेवीदारांची झुंबड’ म्हटलं की क्षणात कळतं.

क्रिकेटने हा शब्द आपल्या घराघरात आणला. इथे तरी ‘रन’ म्हणजे धावच, असं वाटतं. पण चेंडू सीमेपलीकडे गेला की फलंदाज जागचा न हलता सहा ‘रन’ मिळवतो. विनू मंकड यांनी डिसेंबर १९४७मध्ये सिडनीच्या कसोटीत चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडून पुढे सरकलेल्या बिल ब्राउनला बाद केलं. तो नियमाने ‘रन आउट’च होता, तरी मंकड यांच्या नावाने एक बोचरं क्रियापद रूढ झालं. पुढे क्रिकेटच्या नियमावलीत अशा बाद होण्याचा उल्लेख ‘अनुचित खेळ’ या कलमाखाली राहिला. २०२२च्या ऑक्टोबरपासून तो ‘रन आउट’च्या कलमात हलवला गेला. कृती तीच, ती कोणत्या शब्दाच्या शेजारी बसवायची एवढंच बदललं. भारताच्या एका थोर अष्टपैलू खेळाडूवरचा अन्याय दूर व्हायला पंचाहत्तर वर्षं लागावीत, ही खेदाची गोष्ट आहे.

इंग्रजीतही या शब्दावर एकमत नाही. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार ‘रन’ करतो. इंग्लंडात खासदारकीचा उमेदवार ‘स्टँड’ करतो, आपल्यासारखाच निवडणुकीला उभा राहतो. बाईच्या पायमोज्याचा धागा सुटून उभी रेघ पडली की अमेरिकन बाई त्याला ‘रन’ म्हणते, इंग्लिश बाई ‘लॅडर’. तेव्हा एकाच शब्दाचा एकच बरोबर अर्थ असतो हा आग्रह खुद्द इंग्रजांनाही पाळता आलेला नाही.

मराठी माणसाला खरं म्हणजे यात परकं वाटावं असं काही नाही. ‘लागणे’ हे क्रियापद घ्या. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नाद लागतो, वेळ लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, डोळा लागतो, वाट लागते, गाडी फलाटाला लागते, आणि शेजारच्या काकू आईच्या नात्याने मावशी लागतात. दहा वर्षांचं मूल यातला एकही वापर चुकत नाही. त्याला हे कुणी पाठ करायला लावलेलं नसतं. ‘डोळा’च्या शेजारी आलेलं ‘लागणे’ आणि ‘निकाला’च्या शेजारी आलेलं ‘लागणे’ वेगळं, हे त्याने घरात ऐकून ओळखलं. ‘काढणे’चंही तेच: फोटो, कर्ज, झोप, खोडी, दिवस, नाव. जे मूल मराठीत एवढी अवघड गोष्ट सहज करतं, त्याला इंग्रजीत ती जमणार नाही असं आपण का धरून चालतो?

आणि ‘रन’साठी तर मराठीत एक जवळचा नातेवाईक तयारच आहे. इंग्रजी जिथे धावते तिथे मराठी बहुधा चालते. दुकान चालतं, यंत्र चालतं, प्रोग्रॅम चालतो, घर चालवतात, संस्था चालवतात. नाटकही चालतं: अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ लंडनमध्ये नोव्हेंबर १९५२पासून चालू आहे, करोनाच्या साथीत काही काळ थांबलं तेवढंच, इंग्रजीत त्याला त्या नाटकाचा ‘रन’ म्हणतात. एसटी आणि रेल्वे मात्र मराठीतही धावतात, १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली गाडी आपण अजून ‘धावली’ असंच लिहितो. नदी आणि नाक वाहतं. रस्ता डोंगराच्या कडेने जातो. ताप चढतो. पिठाचा डबा रिकामा होतो किंवा पीठ संपतं. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजी बोलणारा ‘रन’ घातलेलं वाक्य बोलू शकतो. मराठी क्रियापदांची ही अख्खी रांग मुलासमोर मांडली, तर त्याला ‘रन’ही कळेल आणि आपल्या भाषेची श्रीमंतीही.

हे काही नवं शहाणपण नाही. मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षक १९२०च्या दशकात ढाक्यात शिकवत होता. बंगाली मुलांना पाठांतराने इंग्रजी येत नाही हे त्याने तिथे पाहिलं आणि मोजक्या शब्दांची क्रमिक वाचनपुस्तकं तयार केली. १९५३ साली त्याची सुमारे दोन हजार शब्दांची सूची निघाली. तिचं वैशिष्ट्य असं, की शब्दाच्या प्रत्येक अर्थापुढे तो अर्थ किती टक्के वेळा येतो ते दिलेलं होतं. शिक्षकाला कळावं की कोणता अर्थ आधी शिकवायचा आणि कोणता पुढे ढकलला तरी चालेल. ए. एस. हॉर्नबी याने जपानी विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता क्रियापदं वाक्यात कशी बसतात याचे साचे दाखवणारा कोश केला. तो १९४२ साली, ऐन युद्धात, टोकियोत छापला गेला. आज आपल्याकडे घरोघरी दिसणारी ऑक्सफर्डची विद्यार्थी डिक्शनरी त्याच कोशाची वंशज आहे. पुढे १९८७ साली बर्मिंगहॅमच्या जॉन सिंक्लेअर यांच्या चमूने संगणकात साठवलेल्या खऱ्याखुऱ्या मजकुरावरून कोश बांधला आणि अर्थही पूर्ण वाक्यांत दिले. या कामांची सुरुवात परक्यांना इंग्रजी शिकवण्याच्या अडचणीतून झाली, त्यातली एक तर आपल्याच उपखंडात.

उलट दिशेने गेलेला एक प्रयोगही लक्षात ठेवावा. सी. के. ऑग्डन याने १९३०मध्ये ८५० शब्दांचं ‘बेसिक इंग्लिश’ मांडलं. चर्चिलने १९४३ साली हार्वर्डमध्ये भाषण करून त्याची तरफदारी केली. क्रियापदं त्यात अवघी अठरा. वाटलं होतं की जगाला काही आठवड्यांत इंग्रजी येईल. पण ‘पुट’, ‘अप’ आणि ‘विथ’ हे तीन शब्द सुटे येणाऱ्याला ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे हे कुठून समजणार? शब्द कमी केले, तसा उरलेल्या शब्दांवरचा अर्थांचा भार वाढला. ती योजना मागे पडली.

महाराष्ट्रात २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तो निर्णय योग्य होता. गावातल्या मुलाला इंग्रजीसाठी पाचवीपर्यंत ताटकळत ठेवणं अन्यायाचंच होतं. पण पहिलीपासून शिकूनही दहावीच्या मुलाला इंग्रजी वर्तमानपत्राचा एक परिच्छेद उलगडत नाही, ही तक्रार शिक्षकच करतात. त्या परिच्छेदात अडतं कुठे, हे त्याच्या शेजारी बसून पाहावं. अवघड नामं तो कोशात पाहतो, फोनवर शोधतो. ‘रन’, ‘टर्न’, ‘कीप’, ‘गेट’ हे शब्द मात्र तो पाहतच नाही, कारण ते आपल्याला येतात अशी त्याची खात्री असते. निवडणुकीच्या बातमीत उमेदवार धावतो, कंपनीचा मालक कंपनी धावतो, आणि मूल गोंधळून पान मिटतं. गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच त्या गोंधळात भरच घालतात. त्यांत शब्दापुढे एक अर्थ आणि अर्थापुढे पूर्णविराम.

वर्गात साठ मुलं, हातात एक खडू आणि डोक्यावर अभ्यासक्रम संपवायचा घोर, अशा शिक्षकाला दोष देऊन काही साधणार नाही. परीक्षेत ‘शब्दार्थ लिहा’ विचारलं जातं तोवर तो शब्दार्थच पाठ करून घेणार. बदल प्रश्नपत्रिकेपासून आणि कोशापासून व्हायला हवा. कोशांच्या बाबतीत आपली परंपरा तोकडी नाही. मोल्सवर्थने पंडितांना बरोबर घेऊन केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली; त्यातली एखाद्या साध्या क्रियापदाची नोंद उघडली तर अर्थामागून अर्थ आणि त्यांना मराठी बोलण्यातली उदाहरणं दिसतात. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३०च्या दशकात झाला. त्या तोडीचा, पण उलट बाजूने जाणारा, मराठी मुलासाठी केलेला इंग्रजीचा विद्यार्थी-कोश आज हवा आहे. त्यात शब्द हजारच असले तरी चालतील. ‘रन’ला दोन पानं द्यावीत. नेहमीचा अर्थ आधी, क्वचितचा शेवटी. प्रत्येक अर्थापुढे तो शब्द कुणाबरोबर येतो ते, आणि त्या सोबतीला शोभणारं मराठी क्रियापद. ‘रनिंग फूट’ आणि ‘चेनचा रनर’ही त्यात असावेत, कारण ते मुलाच्या घरात आधीच आलेले आहेत. भाषा संचालनालय, विद्यापीठांचे इंग्रजी आणि मराठी विभाग आणि पाठ्यपुस्तक मंडळ यांनी मनावर घेतलं तर हे काम अशक्य नाही.

तोवर एक गोष्ट उद्यापासून करता येईल, तिला ना कोश लागतो ना सरकारी आदेश. सातवीच्या इंग्रजीच्या पेपरात चार गुणांचा एक प्रश्न घालावा. ‘रन’ घातलेली चार इंग्रजी वाक्यं द्यावीत: एकात नदी, एकात दुकान, एकात बस, एकात डोंगराकडेचा रस्ता. प्रत्येक वाक्य आपल्या मराठीत लिहायला सांगावं, अट इतकीच की चारही ठिकाणी क्रियापद वेगळं आलं पाहिजे.